मुलूख माहीत असलेला शिपाई

गोंदिया शहराला खेटून असलेल्या कुडव्यात, जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या गावासारखीच, पोलिस भरतीची तयारी करणारी मुले आहेत. त्यांच्यापुढची परीक्षा ठरलेली आहे. मुलांना 1600 मीटर धावण्याचे 20 गुण, 100 मीटरचे 15, गोळाफेकीचे 15. मुलींना लांबचे धावणे 800 मीटरचे. त्यानंतर 100 गुणांची लेखी परीक्षा, तीत अंकगणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता आणि मराठी व्याकरण. या भरतीतून आलेल्या शिपायांमधूनच पुढे काही जण जिल्ह्याच्या सी-60 पथकात जातात आणि सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या जंगलात नक्षलविरोधी अभियानावर निघतात. हजारो अर्जदारांतून वशिल्याशिवाय निवड करायची तर मोजता येईल असाच निकष लागतो, म्हणून या परीक्षेला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण 1600 मीटरच्या धावण्यातून जंगलातली लायकी कळते का, हा प्रश्न उरतोच, आणि गेल्या 35 वर्षांचा पूर्व विदर्भाचा इतिहास त्याचे उत्तर देतो. माझे म्हणणे असे आहे की सी-60 हे महाराष्ट्राचे सर्वांत यशस्वी सशस्त्र पोलिस पथक कडक चाळणीमुळे घडले नाही. आधी त्या मुलुखाची माणसे घेतली आणि मग त्यांना शिकवले, या क्रमामुळे ते घडले. हा क्रम जिथे मोडला किंवा अर्ध्यावर सोडला, तिथे किंमत मोजावी लागली.

जगभर अशा पथकांचा इतिहास सांगताना सुरुवात बहुतेक म्युनिकपासून होते, आणि ती योग्यच आहे. सप्टेंबर 1972 मध्ये ऑलिंपिकच्या वेळी आठ पॅलेस्टिनी हल्लेखोरांनी इस्रायली खेळाडूंना ओलीस धरले. 5 सप्टेंबरच्या रात्री फ्युर्स्टनफेल्डब्रुकच्या विमानतळावर त्यांना टिपण्याचा बेत बव्हेरियाच्या पोलिसांनी आखला. नेमबाज होते पाच. सुट्टीच्या दिवशी हौसेने नेमबाजी करणारे पोलिस म्हणून ते निवडले गेले होते. हल्लेखोर नेमके किती हे त्यांना ठाऊक नव्हते. एकमेकांशी बोलायला बिनतारी यंत्रे नव्हती, बंदुकांना दुर्बीण नव्हती, अंधारात पाहण्याची सोय नव्हती. विमानात कर्मचाऱ्यांच्या वेशात दडवलेल्या पोलिसांनी काम अशक्य असल्याचे आपसांत ठरवून ऐन वेळी माघार घेतली. पहाटेपर्यंत सगळे ओलीस मेले होते. आधीचे दोघे धरून 11 इस्रायली आणि एक जर्मन पोलिस गेला. त्या रात्री माणसे शूर होती की नाही हा मुद्दाच नव्हता. ज्या कामासाठी त्यांना उभे केले, त्या कामासाठी कोणीच त्यांना निवडले नव्हते आणि कोणीच शिकवले नव्हते.

पश्चिम जर्मनीने याचे उत्तर तीन आठवड्यांत दिले. उलरिख वेगेनर या अधिकाऱ्याच्या हाती नवे पथक सोपवले गेले, तेच जीएसजी-9. पाच वर्षांनी, 18 ऑक्टोबर 1977 च्या रात्री, सोमालियातल्या मोगादिशूच्या धावपट्टीवर या पथकाने लुफ्थान्साचे अपहृत विमान काही मिनिटांत मोकळे केले. विमानातले 86 प्रवासी जिवंत सुटले. वैमानिकाला अपहरणकर्त्यांनी त्याआधीच मारले होते. फ्रान्सचे जीआयजीएन 1974 मध्ये कामाला लागले आणि 1994 च्या डिसेंबरात मार्सेच्या विमानतळावर त्यांनी एअर फ्रान्सचे विमान सोडवले. त्याही आधी, 1965 च्या वॉट्सच्या दंगलीनंतर, लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी ‘स्वॉट’ उभे केले होते. भारतात 1984 नंतर राष्ट्रीय सुरक्षा दल आले. त्याची चढाई करणारी तुकडी लष्करातून येते. यांतल्या राष्ट्रीय पथकांची घडण एकाच विचारातून झाली: देशभरातून उत्तम शरीराची आणि थंड डोक्याची माणसे गोळा करायची, महिनोन्‌महिने चालणाऱ्या निवडीत बहुतेकांना गाळायचे, उरलेल्यांना एका तळावर ठेवून रोज सराव द्यायचा आणि घटना घडली की विमानाने तिकडे पाठवायचे. विमान कुठल्याही देशात उतरो, त्याची दारे, पंख आणि आसनांच्या रांगा सारख्याच असतात. म्हणून विमानासाठी हा विचार बिनतोड आहे.

नोव्हेंबर 2008 च्या दहशतवादी हल्ल्यात मुंबईने या विचाराची दुसरी बाजू पाहिली. राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो निवडीत आणि प्रशिक्षणात कोठेही कमी नव्हते. ते दिल्लीजवळच्या मानेसरला होते, आणि दक्षिण मुंबईत पोचायला त्यांना रात्र सरली. मुंबई पोलिसांचे शीघ्र प्रतिसाद पथक जागेवर होते, पण काडतुसांच्या टंचाईमुळे त्यांचा गोळीबाराचा सराव बराच काळ बंद पडला होता, असे राम प्रधान समितीच्या चौकशीत पुढे आले. जे तयार होते ते लांब होते आणि जे जवळ होते त्यांना तयारीच करू दिली नव्हती. त्यानंतर राज्याने फोर्स वन उभे केले. त्याच्या पहिल्या तुकडीसाठी राज्यभरातल्या पोलिसांमधून 3000 हून अधिक अर्ज आले आणि 216 जण घेतले गेले. मुंबईसारख्या शहरासाठी हे करणे भागच होते. पण त्याच सरकारने त्याच्या जवळजवळ 20 वर्षे आधी, मुंबईपासून हजारेक किलोमीटरवर, अगदी उलट्या दिशेने सुरुवात करून पाहिली होती, आणि त्या प्रयोगाची चर्चा महाराष्ट्रात त्या मानाने फारच कमी होते.

गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूरमधून वेगळा झाला. त्याच्या दोनेक वर्षे आधी गोदावरी आणि प्राणहिता ओलांडून आंध्रातल्या पीपल्स वॉर ग्रुप या नक्षलवादी संघटनेची दलमे, म्हणजे सशस्त्र तुकड्या, सिरोंचा आणि अहेरीच्या पट्ट्यात शिरली होती. तेंदूपत्त्याच्या मजुरीचा आणि बांबूच्या दराचा प्रश्न त्यांनी हाती घेतला. वनखात्याच्या आणि ठेकेदारांच्या जाचाला कंटाळलेल्या माडिया आणि गोंड गावांत त्यांना ऐकणारी माणसे मिळाली. हे मान्य केल्याशिवाय पुढचा इतिहास समजत नाही. पोलिस मात्र तिथे परके होते. जिल्ह्याचा बहुतेक भाग जंगलाचा. पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की भामरागड तुटते. बदली होऊन आलेल्या शिपायाला ती शिक्षा वाटायची. त्याला माडिया येत नसे, गावकऱ्याला मराठी बेताची. दुभाष्याशिवाय साधी तक्रार लिहून घेता येत नसे, आणि दुभाषा मिळणार तो त्याच गावातला, म्हणजे रात्री दलमला जाब देणारा. अशा शिपायाकडे कितीही चांगली बंदूक दिली तरी तो ठाण्याच्या कुंपणाआडच राहणार होता.

1 डिसेंबर 1990 रोजी तेव्हाचे पोलिस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी 60 जणांचे एक पथक बांधले. आकड्यावरूनच त्याचे नाव सी-60 पडले. ते जिल्ह्यातल्याच मुलांमधून उभे केले, त्यांत आदिवासी मुलांचा भरणा मोठा होता. हाच त्याचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय. पुढे 1994 मध्ये जिल्ह्याच्या दक्षिण भागासाठी अहेरीजवळ प्राणहिता उपमुख्यालय झाले आणि पथकाचा विस्तार वाढत गेला. पथकाच्या लहान तुकड्यांना ‘पार्टी’ म्हणतात आणि पार्टी ओळखली जाते ती तिच्या कमांडरच्या नावाने. हा कमांडर बहुतेक वेळा हवालदार किंवा सहायक उपनिरीक्षकाच्या हुद्द्याचा, वर्षानुवर्षे त्याच जंगलात फिरलेला माणूस असतो. पोलिस खात्यासारख्या हुद्द्याच्या शिडीवर चालणाऱ्या यंत्रणेत ही गोष्ट साधी नाही. अभियानाचा आराखडा मुख्यालयात ठरतो, पण नाला कुठे ओलांडायचा आणि रात्री कुठे थांबायचे, हे पार्टी कमांडर ठरवतो. पथकाला दोन कामे दिली होती. एक अभियानाचे. दुसरे त्याहून कमी बोलले जाणारे: गावागावांत जाऊन दलममध्ये गेलेल्या मुलामुलींच्या घरच्यांना भेटायचे, परत येण्याची वाट समजावायची आणि सरकारी योजनांची कामे मार्गी लावायची. हे दुसरे काम भाषेशिवाय आणि नात्यागोत्याच्या ओळखीशिवाय होत नाही.

मुलूख माहीत असणे म्हणजे नकाशा पाठ असणे नव्हे. पार्टीच्या पुढे चालणारा जवान काय पाहत असतो ते ध्यानात घ्यावे. वाटेवरची माती एका ठिकाणी जरा मऊ आणि वेगळ्या रंगाची दिसली, तर तिथे भूसुरुंग पुरला असण्याची शक्यता. म्हणून शक्यतो पायवाटच धरायची नाही. उन्हाळ्यात पाण्याची जागा थोडी, त्यामुळे तिथेच घात लावलेला असणार, मग पाणी घ्यायचे तर आधी भोवतालच्या टेकाडावर माणसे बसवायची. जिथे संध्याकाळी भात शिजवला तिथे झोपायचे नाही, अंधार पडल्यावर आणखी पुढे सरकायचे. भरदिवसा गावात पुरुषमाणसे दिसत नाहीत, तर ती मोहफुले वेचायला गेली आहेत की आणखी कशाला, हे मोहाचा हंगाम कधी सुरू झाला हे ठाऊक असणाऱ्यालाच सांगता येते. एखादी बाई पोलिसाला पाहून गप्प होते आणि एखादी घाबरून गप्प होते, हा फरक तिच्या भाषेत वाढलेल्याला कळतो. यांतले पहिले तीन धडे कोणत्याही चांगल्या प्रशिक्षण केंद्रात शिकवता येतात. शेवटचे दोन शिकवायला बालपण लागते. निवडीच्या वेळी मोजता न येणारे हे गुण ज्याच्याकडे आधीपासून आहेत त्याला घेणे आणि मोजता येणारे नंतर शिकवणे, एवढाच रघुवंशींच्या निर्णयाचा अर्थ आहे, आणि तो मोठा आहे.

शेजारच्या आंध्र प्रदेशाने 1989 मध्ये के. एस. व्यास यांच्या पुढाकाराने ग्रेहाउंड्स उभे केले होते. त्याची वाट वेगळी होती: राज्यभरातून तरुण पोलिस निवडायचे, काही वर्षांसाठी घ्यायचे, उत्तम पगार द्यायचा, हैदराबादला तळ ठेवायचा आणि पक्की खबर आली की लहान तुकडी आत सोडायची. जंगलयुद्धात भारतातले हे सर्वांत कुशल पोलिस दल, हे त्याचे विरोधकही मान्य करतील. माझ्या म्हणण्याविरुद्ध पहिला आक्षेप इथेच येतो, की ग्रेहाउंड्स स्थानिक नसतानाही जिंकले, मग स्थानिक माणसाचा एवढा आग्रह कशाला. त्याचे उत्तर ग्रेहाउंड्सच्या कामाच्या रीतीत आहे. ते स्वतः खबर काढत नसत. आंध्रात गुप्तवार्तेचे स्वतंत्र आणि अतिशय बळकट जाळे होते, आणि त्या जाळ्यातली माणसे स्थानिकच होती. मुलुखाची ओळख तिथेही होती, फक्त ती दुसऱ्या खात्याकडे होती. जिथे ती नव्हती तिथे काय झाले, हे 29 जून 2008 ला ओडिशातल्या बालिमेला जलाशयात दिसले. परक्या राज्यातल्या पाण्यावरून बोटीने जाणाऱ्या तुकडीवर काठावरच्या उंच टेकड्यांवरून गोळीबार झाला आणि तीसहून अधिक जवान गेले. देशातले सर्वोत्तम प्रशिक्षण त्यांच्या गाठीशी होते.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे, कारण तो खुद्द गडचिरोलीतून येतो. 2009 साली 1 फेब्रुवारीला मरकेगावात 15 पोलिस मारले गेले. 21 मे रोजी हत्तीगोटा भागात 16, त्यांत पाच महिला पोलिस. 8 ऑक्टोबरला लाहेरीजवळ 17. नऊ महिन्यांत तीन घातांत 48 जण, आणि त्यांतले कितीतरी याच जिल्ह्याचे. सी-60 ला तेव्हा 19 वर्षे होत आली होती. मुलुखाची ओळख एवढी उपयोगाची असती तर हे कसे घडले? माझ्या मते या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे, की ओळख असलेला माणूस सैलावतो. जी वाट लहानपणापासून पायाखालची आहे तिच्यावर तो सवयीने पाऊल टाकतो, आणि समोरचा शत्रूही त्याच मुलुखात वाढलेला असतो. त्याला ही सवय माहीत असते. स्थानिक असण्याने शिपाई जंगलात शिरू शकतो. तिथून जिवंत परत यायला रोजचा सराव, पुन्हापुन्हा तपासलेली शिस्त आणि चूक झाल्यावर ती लपवून न ठेवता शिकवण्याची रीत लागते. 1990 चा निर्णय अर्धा होता, आणि उरलेला अर्धा पुरेशा गांभीर्याने हाती घ्यायला 2009 उजाडावे लागले.

तो अर्धा भाग कसा भरला गेला हे इतिहास म्हणून नोंदवण्यासारखे आहे. सी-60 चे जवान मानेसरच्या राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या केंद्रात गेले, झारखंडमधल्या हजारीबागला गेले, छत्तीसगडमधल्या कांकेरच्या जंगलयुद्ध महाविद्यालयात गेले. हे महाविद्यालय 2005 च्या सुमारास लष्करातले ब्रिगेडियर बी. के. पोनवार यांनी उभे केले आणि तिथे पोलिसाला बराकीबाहेर, जमिनीवर राहून लढायला शिकवतात. नागपूरजवळ सुराबर्डीला महाराष्ट्राचे स्वतःचे अपारंपरिक अभियान प्रशिक्षण केंद्र झाले. जखमी साथीदाराला जंगलातून कसे आणायचे, सुरुंग कसा ओळखायचा, रात्री दोन पार्ट्यांनी एकमेकींवर गोळी न झाडता जवळ कसे यायचे, हे सगळे इथे घोटून घेतले जाते. एप्रिल 2018 मध्ये बोरिया-कसनासूर भागातल्या चकमकींत 40 नक्षलवादी मारले गेले. 13 नोव्हेंबर 2021 ला ग्यारापत्तीच्या जंगलात मर्दिनटोल्याजवळ 26 जण मारले गेले, त्यांत केंद्रीय समितीचा सदस्य मिलिंद तेलतुंबडे होता. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या सीमेवरचा जो पट्टा नक्षलवाद्यांनी नवे क्षेत्र म्हणून आखला होता त्याची सूत्रे त्याच्याकडे होती, आणि गोंदिया जिल्हा याच पट्ट्यात येतो.

या दोन घटनांच्या मध्ये 1 मे 2019 येतो. आदल्या रात्री कुरखेडा तालुक्यात दादापूरजवळ रस्त्याच्या कामावरची वाहने नक्षलवाद्यांनी जाळली होती. तिकडे निघालेल्या शीघ्र प्रतिसाद पथकाचे खाजगी वाहन जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने उडवले गेले. 15 पोलिस आणि गाडीचा चालक असे 16 जण गेले, महाराष्ट्र दिनी. जाळपोळ झाली की पोलिस त्याच रस्त्याने येणार, हे जाळणाऱ्यांनी गृहीत धरले होते. रस्ता तपासल्याशिवाय वाहनाने जायचे नाही हा नियम प्रत्येक प्रशिक्षण केंद्रात शिकवतात आणि जंगल ओळखणाऱ्या माणसाला तो सांगावाही लागत नाही. तरीही घाईच्या वेळी तो मोडला. हे पथक सी-60 चे नव्हते, पण त्यातली माणसे त्याच जिल्ह्यात वावरणारी होती. निवड आणि प्रशिक्षण दोन्ही झालेल्या माणसाला चुकीच्या वेळी चुकीच्या गाडीत बसवले की दोन्ही वाया जातात. म्हणून पथकाचे मूल्यमापन करताना त्याला आदेश देणाऱ्यांचेही व्हायला हवे, आणि ते आपल्याकडे क्वचितच होते.

आता गोंदियाकडे. 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून हा जिल्हा वेगळा झाला. त्याचा पश्चिम आणि उत्तरेचा भाग वैनगंगेच्या खोऱ्याचा, धानाचा आणि भातगिरण्यांचा. कुडवा याच भागात. पूर्वेला सालेकसा आणि देवरीकडे टेकड्या सुरू होतात. मुंबई-हावडा लोहमार्ग दरेकसाजवळ त्यांच्यातूनच छत्तीसगडात शिरतो. याच डोंगरात कचारगडची गुहा आहे, जिथे माघ पौर्णिमेला गोंड समाज दूरदुरून येतो. याच दरेकसाच्या नावाने नक्षलवाद्यांचे एक दलम वावरत होते. गोंदियात पोलिसांची सशस्त्र दूरक्षेत्रे, म्हणजे एओपी, या कडेवर पसरली आहेत, मुरकुटडोहसारखी, जिथून राज्याची हद्द हाकेच्या अंतरावर आहे. गडचिरोलीच्या धर्तीवर गोंदियातही सी-60 ची पथके झाली. पण नावासोबत निवडीचा विचारही आला का, हे तपासून पाहायला हवे. पोलिस शिपायाची भरती जिल्हावार होते, त्यामुळे कागदावर कुडव्याचा मुलगा आणि मुरकुटडोहचा मुलगा दोघेही स्थानिक ठरतात. प्रत्यक्षात कुडव्याकडच्या मुलाच्या कानावर झाडीबोली, पोवारी, हिंदी पडत असते, आणि गोंडी बहुधा नाही. त्याने मैदानावर 1600 मीटर उत्तम वेळेत धावून दाखवले तरी टेकडीवरच्या टोल्यात तो गडचिरोलीत बदलून आलेल्या जुन्या शिपायाइतकाच परका असू शकतो. इथे स्थानिक या कसोटीला जिल्ह्याची हद्द पुरत नाही, तालुका आणि भाषा पाहावी लागते. गडचिरोली पोलिसांनी अलीकडच्या भरतीत गोंडी आणि माडिया भाषांची स्वतंत्र लेखी परीक्षा घेतली, ही मला गेल्या अनेक वर्षांतली सर्वांत शहाणपणाची सुधारणा वाटते. भाषा हा गुण असा एकदा मोजता आला की वशिल्याची भीतीही उरत नाही. गोंदियाने हे जसेच्या तसे उचलावे. कुडव्याच्या मुलावर यात अन्याय होत नाही, कारण ज्याला त्या डोंगरात काम करायचे आहे त्याला गोंडी शिकण्याची वाट मोकळी आहे आणि त्याने ती शिकावी.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप नैतिक आहे. आदिवासी मुलांना बंदूक देऊन आदिवासी मुलांवर सोडायचे आणि त्याला स्थानिक ज्ञान म्हणायचे, ही सोयीस्कर क्रूरता नव्हे काय? हा आक्षेप कोणी उडवून लावू नये. छत्तीसगडात सलवा जुडूमच्या काळात नेमके हेच झाले. जेमतेम शिकलेल्या मुलांना महिना 3000 रुपयांवर विशेष पोलिस अधिकारी नेमले, दोनेक महिन्यांचे प्रशिक्षण दिले आणि पुढे ढकलले. 5 जुलै 2011 ला सर्वोच्च न्यायालयाने नंदिनी सुंदर यांच्या याचिकेवर निकाल देताना ही पद्धत घटनेच्या 14 आणि 21 या कलमांचा भंग करणारी ठरवली. या निकालात जे दोष दाखवले तेच सी-60 ला वेगळे काढणारी कसोटी आहेत. सी-60 चा जवान हा नियमित सेवेतला पोलिस शिपाई आहे. त्याची रीतसर भरती होते, पोलिस प्रशिक्षण विद्यालयात मूलभूत प्रशिक्षण होते, त्याला पूर्ण पगार, बढती, विमा आणि सेवेचे संरक्षण आहे. स्थानिक म्हणून त्याला स्वस्तात घेतलेले नाही. स्थानिक ज्ञानाचा मान तेव्हाच राखला जातो जेव्हा त्याची किंमत पुरी दिली जाते. छत्तीसगडने नंतर उभ्या केलेल्या जिल्हा राखीव दलाने मे 2025 मध्ये अबुझमाडच्या भागात नक्षलवाद्यांचा सरचिटणीस बसवराजू याला मारले. तेही स्थानिकांचेच दल आहे, त्यात आत्मसमर्पण केलेलेही आहेत. लष्करी दृष्टीने त्या यशाने माझे म्हणणे बळकट होते. पण आत्मसमर्पण केलेल्याला लगेच पुन्हा बंदूक हाती देण्याबद्दलची माझी शंका त्याने मिटत नाही.

सी-60 च्या जवानांनी स्वतः दिलेली किंमतही सांगायला हवी. पोलिसात गेला म्हणून कित्येकांच्या घरच्यांना गाव सोडून तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या ठिकाणी राहावे लागले. खबरी असल्याच्या संशयावरून नक्षलवाद्यांनी मारलेल्यांत आदिवासी गावकरीच बहुसंख्य होते, आणि त्यांतले काही जवानांचे नातलग. दुसऱ्या बाजूने, कसनासूरच्या मृतांमध्ये गट्टेपल्लीचे तरुण होते. त्यांच्या घरच्यांनी आणि हक्क संघटनांनी विचारलेले प्रश्नही याच इतिहासाचा भाग आहेत. मुलूख ओळखणाऱ्या पथकाकडून मी जास्त अपेक्षा ठेवतो. परक्या शिपायाला दलमचा माणूस आणि लग्नाला निघालेला पोरगा यांतला फरक कळला नाही, तर ते अज्ञान म्हणता येईल. तो फरक कळावा म्हणूनच ज्याला निवडले, त्याला ती सबब नाही. म्हणून प्रत्येक चकमकीची दंडाधिकारीय चौकशी वेळेत आणि उघडपणे व्हावी, ही मागणी पथकाच्या विरोधात नाही. ज्या गुणासाठी पथक निवडले तो खरा आहे का, हे पाहण्याची तीच एक जागा आहे.

15 ऑक्टोबर 2025 ला गडचिरोलीत नक्षलवाद्यांचा ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने 60 साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली. याच जंगलात तो अनेक दशके वावरला होता. त्याच वर्षीच्या 1 जानेवारीला त्याची पत्नी ताराक्का हिने आत्मसमर्पण केले होते. नोव्हेंबरच्या अखेरीस गोंदियात सीमावर्ती क्षेत्राचा प्रवक्ता अनंत याने दहा जणांसह शरणागती पत्करली. शस्त्रे खाली ठेवायची असे त्यांनी ठरवले यामागे बरीच कारणे आहेत: शेजारच्या राज्यातली मोठी मोहीम, संघटनेतले मतभेद, वय, रस्ते आणि मोबाइलचे मनोरे. पण शरण यायचे तर कोणाकडे, हा प्रश्न प्रत्येकापुढे येतो, आणि ज्या पोलिसाने वर्षानुवर्षे तुमच्या आईच्या घरी येऊन तुमच्या भाषेत निरोप ठेवला त्याच्याकडे येणे सोपे असते. 1990 मध्ये सी-60 ला दिलेले दुसरे काम इथे फळाला आले. गोळी झाडण्याच्या प्रशिक्षणावर झालेल्या खर्चाचा हिशेब मिळतो, या कामाचा मिळत नाही, म्हणून त्याचे श्रेय कोणी घेत नाही.

आता धोका असा आहे की हिंसाचार ओसरला म्हणून ही माणसे कामाला येणार नाहीत असे समजून त्यांना बंदोबस्तावर, पुढाऱ्यांच्या ताफ्यात किंवा शहरातल्या ठाण्यात पांगवले जाईल. कागदोपत्री ते तर्काला धरून दिसेल. पण बंदुकीशिवायही या माणसांचे सर्वांत मोठे भांडवल त्यांच्याजवळ राहते. सालेकसा, देवरी, चिचगड, केशोरी या ठाण्यांत गोंडी बोलणारा, गाव ओळखणारा आणि संयम शिकलेला हवालदार तक्रारी लिहून घ्यायला हवा आहे. वनहक्काचा दावा अडला, जमिनीची मोजणी चुकली, मुलगी बेपत्ता झाली, दारूचा अड्डा सुरू झाला, या तक्रारी घेऊन माणसे निर्भयपणे ठाण्यात येतात की नाही, यावर जंगल पुन्हा पेटते की नाही हे ठरते. गडचिरोलीत आणि गोंदियात पोलिस दादालोरा खिडकीतून दाखले आणि योजनांची कामे होतात, तिथे ही माणसे बसवली तर ती खिडकी कायमची होईल. गृहखात्याने पूर्व विदर्भाच्या या तालुक्यांसाठी गोंडी आणि माडिया जाणणाऱ्या शिपायांच्या जागा स्वतंत्र ठेवाव्यात, त्यांचा दरवर्षीचा सराव बंद करू नये आणि सी-60 मधून निवृत्त होणाऱ्या पार्टी कमांडरना सुराबर्डीत शिक्षक म्हणून मानधनावर घ्यावे. त्यांच्या डोक्यात जे आहे ते कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही, आणि पहिल्या 60 जणांच्या पिढीतले बहुतेक जण आता सेवेच्या बाहेर पडले आहेत किंवा पडत आहेत.